खाली कोण बसणार?

मैत्रिणींनो, सहलीला निघायचं म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे प्रथम काय येतं? डोंगर, समुद्र, देवळं? माझ्या डोळ्यांपुढे येते ती एक पिशवी. पाण्याच्या बाटल्या, बिस्किटांचे पुडे, ओला नॅपकिन, उलटीवरची गोळी, सासूबाईंची रक्तदाबाची गोळी, लेकीचा स्वेटर आणि ह्यांचा जादा चष्मा असं सगळं पोटात घेतलेली पिशवी. ती कोणाच्या खांद्यावर असते, हे तुम्हांला सांगायला नकोच!

२०२३ च्या नाताळच्या सुट्टीत आम्ही श्रीलंकेला जाऊन आलो. मी, हे, सहावीतली लेक आणि सासूबाई. नऊ दिवसांत पाच-सहा गावं-शहरं पाहिली. त्यांच्याविषयी सांगायचं आहेच. पण त्या पिशवीविषयीही थोडं सांगायचं आहे.

श्रीलंकाच का, असं मला पुष्कळजणींनी विचारलं. मी इथं कोल्हापुरात एका शाळेत अर्धवेळ शिक्षिका आहे. पाचवी ते सातवीला इतिहास-भूगोल शिकवते. सम्राट अशोकाने आपला मुलगा महेंद्र आणि मुलगी संघमित्रा यांना धर्मप्रसारासाठी श्रीलंकेला पाठवलं, हे वाक्य दरवर्षी माझ्या तोंडून जातं. एकदा एका मुलीने विचारलं, "बाई, मग संघमित्रा परत कधी आली?" मला उत्तर येईना. घरी येऊन शोधलं तेव्हा कळलं, ती परत आलीच नाही! तिथल्या राणीला आणि तिच्याबरोबरच्या बायकांना दीक्षा घ्यायची होती. ती भिक्षूने देऊन चालत नव्हती, भिक्षुणीच हवी होती. म्हणून महेंद्राने बहिणीला बोलावून घेतलं. बोधगयेच्या बोधिवृक्षाची फांदी घेऊन ती समुद्र ओलांडून गेली आणि तिथंच राहिली. तेव्हापासून मनात होतं, ते झाड आपण एकदा बघायचं.

पगार तो केवढा! पण त्यातले महिन्याला दोन हजार मी पाच वर्षं पोस्टात टाकले. एक लाख वीस हजार आणि वर व्याज. उरलेले ह्यांनी घालायचे ठरले. तिघांची तिकिटं काढायची, एवढ्यात हे म्हणाले, "आईला एकटीला कुठं ठेवायचं? तीही येईल." बस्स, ठरलं! मामंजी २०२१ साली गेले, तेव्हापासून सासूबाई सावंतवाडीचं घर बंद करून आमच्या फ्लॅटमध्ये आल्या आहेत. त्यांना एकटं ठेवणं बरोबर नव्हतं, हे मलाही कळत होतं. पण खरं सांगते, त्या दिवशी मी भांडी जरा जास्तच जोरात घासली. माझ्या पैशांची सहल, आणि मला साधं विचारलंही नाही, हे मनात खुपत राहिलं.

मुंबईहून कोलंबोला विमानाने जेमतेम अडीच तास लागतात. आपल्याकडून दिल्लीला जावं तसं. आम्ही गाडी ठरवली होती. तिचा चालक पंचविशीतला हसतमुख मुलगा. पहिल्याच दिवशी त्याने आम्हांला शिकवलं की धाकट्या भावाला सिंहलीत 'मल्ली' म्हणतात. मग तो आमचा मल्लीच झाला. कोलंबोपासून साधारण दोनशे किलोमीटरवर अनुराधपूर आहे. आम्ही नाताळच्या दिवशी संध्याकाळी तिथं पोचलो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर काय, साऱ्या गावात पांढऱ्याशुभ्र कपड्यांची दाटी! बायका, पुरुष, तान्ही मुलं, सगळी पांढऱ्यात. हातांत कमळं.

२६ डिसेंबरला मार्गशीर्षातली पौर्णिमा होती. श्रीलंकेत प्रत्येक पौर्णिमेला सरकारी सुट्टी असते. तिला 'पोया' म्हणतात. त्या दिवशी दारू आणि मांसाची दुकानं बंद. आणि ही पौर्णिमा तर खास संघमित्रेची. ती झाड घेऊन आली, तो दिवस! मी काही तिथी बघून तिकिटं काढली नव्हती. पण योग बघा, तीच आपली दत्तजयंती. सासूबाई कोल्हापूरला आल्यापासून ह्या दिवशी नृसिंहवाडीला जातात. ह्या वर्षी वाडी चुकली म्हणून त्या दोन दिवस गप्प होत्या. उपास मात्र होताच. राजगिऱ्याचे लाडू त्या पिशवीतच होते.

ते झाड, जय श्री महाबोधी, एका उंच चौथऱ्यावर आहे. भोवती सोनेरी कठडा आणि फांद्यांना सोनेरी टेकू. आपण खालून बघायचं. माणसाने लावलेलं आणि लावल्याचा काळ माहीत असलेलं हे जगातलं सगळ्यात जुनं झाड मानतात. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकातलं, म्हणजे सव्वादोन हजार वर्षांहून अधिक जुनं. पाऊस भुरभुरत होता. सासूबाईंनी चपला काढल्या, पदर खोचला आणि आपला पिंपळ तो आपला पिंपळ, असं म्हणून त्या त्या पांढऱ्या गर्दीबरोबर प्रदक्षिणेला निघाल्यासुद्धा. मी पिशवी सांभाळत मागे. माझ्या स्वप्नातलं झाड मी त्यांच्यावर लक्ष ठेवता ठेवता बघितलं. तेही खुपलं.

दुसऱ्या दिवशी सिगिरिया. सपाट रानातून एकदम दोनशे मीटर उठलेला प्रचंड खडक. पाचव्या शतकात कश्यप नावाच्या राजाने बापाला मारून गादी घेतली आणि भावाच्या भीतीने ह्या खडकाच्या माथ्यावर राजवाडा बांधला. वर जायला बाराशेच्या आसपास पायऱ्या. निम्म्या वाटेवर कपारीत रंगवलेल्या स्त्रियांची जगप्रसिद्ध चित्रं आहेत, आणि त्यांच्याजवळच आरशासारखी गुळगुळीत केलेली एक भिंत. हजार-बाराशे वर्षांपूर्वी ती चित्रं बघायला आलेल्या लोकांनी त्या भिंतीवर कविता कोरून ठेवल्या. परणविताना नावाच्या विद्वानांनी त्यांतल्या ६८५ वाचून १९५६ साली प्रसिद्ध केल्या. आणि मैत्रिणींनो, त्यांतल्या काही बायकांनी लिहिलेल्या आहेत. झाडानंतर मला बघायची होती ती ही भिंत.

फाटकाशी पोचलो. ह्यांनी सासूबाईंना एका बाकावर बसवलं, पिशवी माझ्या खांद्याला अडकवली आणि म्हणाले, "तू आईजवळ बस. मी हिला वर नेऊन आणतो. दोन तासांत आलोच."

आवाजात काही नव्हतं हो. 'जरा मीठ दे' म्हणावं, तितक्या सहज. त्यात वाईट हेतू नव्हता, म्हणूनच की काय, मला फार लागलं. शाळेच्या सहली, अष्टविनायक, महाबळेश्वर, सगळीकडे खाली बाकावर बसलेली मी मला दिसले. मी पिशवी खांद्यावरून काढली आणि त्यांच्या खांद्याला अडकवली. म्हटलं, "ह्या वेळी तुम्ही बसा."

"अगं पण आईला तुझ्याकडून..."

"आईंची गोळी उजव्या कप्प्यात आहे. बारा वाजता द्या," असं म्हणून मी लेकीचा हात धरला आणि चालू लागले. छातीत धडधडत होतं. लग्नाला तेरा वर्षं झाली, पण असं मी कधी बोलले नव्हते.

वर गेले. गोल जिन्याने चित्रांपाशी पोचले. तिथं फोटो काढू देत नाहीत, ते बरंच आहे. नाहीतर कोणी डोळ्यांनी बघणारच नाही! त्या भिंतीपाशी लेकीला म्हटलं, "बघ, हजार वर्षांपूर्वी इथं बायका आल्या होत्या, त्यांनी बघितलं आणि लिहून ठेवलं." ती म्हणाली, "मग त्यांच्या पिशव्या कोणी धरल्या होत्या?" पोरं कशी असतात बघा! त्याच्या वर सिंहाचे दोन अजस्र पंजे, त्यांच्यामधून शेवटचा जिना, आणि माथ्यावर राजवाड्याचे चौथरे न् पाण्याचं टाकं. वारा असा की पदर आवरेना. चहूकडे हिरवं रान.

मला आनंद झाला का? झाला, पण निम्मा. अर्धा वेळ मी खाली कोण कुठं बसलंय तेच शोधत होते. गोळी दिली असेल ना? उपासाचं पारणं नीट झालं असेल ना? पिशवी खाली ठेवली तरी मनातली काही उतरली नाही.

खाली आलो तर हे मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेले. सासूबाई केशरी रंगाचं शहाळं पीत होत्या. तिथं त्याला 'थंबिली' म्हणतात. त्या एवढंच म्हणाल्या, "झालं बघून?" मग गाडीत कँडीपर्यंत कोणी फारसं बोललं नाही. मल्ली बिचारा आरशातून आमच्याकडे बघत होता.

कँडी हे डोंगरांच्या कुशीतलं शहर. श्रीलंकेच्या शेवटच्या राजांची ही राजधानी. १८१५ साली ती इंग्रजांच्या हाती गेली आणि राजाला पकडून आपल्याकडे वेल्लोरला ठेवलं. मधोमध त्याच राजाने १८०७ साली बांधवून घेतलेलं तळं आहे, आणि तळ्याकाठी बुद्धाच्या दाताचं मंदिर, दळदा मालिगावा. संध्याकाळच्या पूजेला ढोल आणि सनईसारखं वाद्य वाजू लागलं, तेव्हा अंबाबाईच्या देवळात उभी आहे असंच वाटलं. दात दिसत नाही, तो पेटीतल्या पेटीत असतो. लोक पाकळ्या वाहतात आणि पुढे सरकतात.

आम्ही एका घरातच दोन खोल्या घेऊन उतरलो होतो. घरमालकीण पन्नाशीची. इंग्रजी छान बोलायची. तिला काय म्हणायचं विचारलं तर म्हणाली, "अक्का." मोठ्या बहिणीला सिंहलीतही अक्काच! दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तर सासूबाई बिछान्यात नाहीत. धावत स्वयंपाकघरात गेले. बघते तर त्या जमिनीवर, लाकडी पाटासारख्या खवणीवर बसून नारळ खवत होत्या! सावंतवाडीला त्यांची जी विळी आहे, तिचीच ही सख्खी बहीण. शेजारी अक्का शेवया पाडत होती. तांदळाच्या पिठाच्या वाफवलेल्या शेवया, म्हणजे आपल्या कोकणातले शिरवाळेच! बरोबर नारळाची लाल चटणी, तिचं नाव 'पोळ संबोल'. एकीला मराठी-मालवणीखेरीज काही येत नाही, दुसरीला मराठी येत नाही. पण दोघींचं मजेत चाललं होतं. शिजलेल्या तांदळाला 'बत', म्हणजे भात. दुधाला 'किरी', आपली खीर. मिठाला 'लुणु', आपलं लवण. दहाला 'दहय'. अक्काने आपल्या लेकीला "दुवा" म्हणून हाक मारली, तशा सासूबाई केवढ्या खुलल्या! त्यांचं माहेर पेडण्याचं. तिथं मुलीला 'धूव' म्हणतात.

मी दारातच उभी राहिले. आमच्या कोल्हापूरच्या ओट्यावर मिक्सर आहे. 'आई, खवायला कशाला बसता, मी एका मिनिटात फिरवते,' असं मी त्यांना कितीदा म्हटलं असेल! माझं माहेर सांगलीचं. शेंगदाण्याचं कूट आमच्या रक्तात. त्यांची विळी सावंतवाडीहून आणलीच नाही. जागा कुठं आहे, म्हणून.

चहा पिताना अक्काने २०२२ सालच्या हकिगती सांगितल्या. देशाकडचं परकीय चलन संपलं आणि पेट्रोल, गॅस, औषधं, सगळ्यांचा तुटवडा झाला. सिलिंडरसाठी रात्ररात्र रांगा. तिने परसात तीन विटांची चूल मांडली आणि कित्येक आठवडे त्यावर रांधलं. म्हणाली, "बाहेरचे पाहुणे यायचे बंद झाले होते. तुम्ही आलात, बरं वाटलं." मी ते मराठीत सांगितल्यावर सासूबाईंनी नुसता तिच्या हातावर हात ठेवला.

त्या रात्री मी त्यांच्या पायांना तेल लावून देत होते. हे आणि लेक तळ्यावर फिरायला गेले होते. सासूबाई एकदम म्हणाल्या, "तू वर गेलंस, बरां केलंस. पण माका कोणी इचारल्यान काय, चडतंस काय म्हणान?"

मला काही बोलता येईना. बाराशे पायऱ्या त्यांच्याने झाल्या नसत्या, हे त्यांनाही ठाऊक होतं. पण फाटकाच्या आत सगळी सपाट जमीन आहे. राजाच्या वेळच्या बागा, हौद, पावसाळ्यात आजही उडणारी कारंजी. तेवढं त्या सहज चालल्या असत्या. आम्ही दोघंही, बसायचं कोणी ह्यावर भांडलो. ज्यांच्यासाठी बसायचं, त्यांना बसायचंय का, हे कोणालाच सुचलं नाही. मला विचारलं नाही म्हणून मी पाच महिने भांडी आपटली. मग मी तरी कुणाला विचारलं होतं?

म्हटलं, "आई, तुम्हांला इथं यायचं होतं का हो?"

त्या हसल्या. "इचारलां असतात तर 'नको' म्हटलंय असतंय. पण इलंय तां बरां झालां."

मैत्रिणींनो, त्यानंतरचे दिवस काही जादूने बदलले नाहीत. लेकीला गाडी लागली, ह्यांचा चष्मा हरवला, पाऊस लागला. पण आम्ही विचारायला लागलो. कँडीहून एल्ला गावापर्यंत आगगाडीने गेलो. सहा-सात तासांचा प्रवास, पण ढगांतून, धबधब्यांवरून. मी विचारलं, "आई, खिडकी हवी का?" त्या म्हणाल्या, "हवी; पण गाडी जाते त्या बाजूला तोंड असलेली. उलटं बसलं की मला मळमळतं." बारा-तेरा वर्षांत मला हे माहीत नव्हतं! दर प्रवासात त्या मुकाट्याने मिळेल तिथं बसत आल्या होत्या.

वाटेत दोन्ही बाजूंना चहाचे मळे. पूर्वी ह्या डोंगरांवर कॉफी होती. तांबेऱ्याच्या रोगाने ती बसली, आणि चहाचं राज्य आलं. जेम्स टेलर नावाच्या स्कॉटिश माणसाने १८६७ साली कँडीजवळ पहिला चहाचा मळा लावला. पानं खुडणाऱ्या बहुतेक बायका तमिळ. इंग्रजांनी त्यांच्या पणज्या-आज्यांना दक्षिण हिंदुस्थानातून इथं आणलं. कपाळावरून पट्टा घेऊन पाठीवर टाकलेलं ओझं आणि दोन्ही हात पानांत. त्यांच्याकडे बघून माझ्या पिशवीची मला जरा लाजच वाटली. पट्टिपोळ हे ह्या मार्गावरचं सगळ्यात उंच स्टेशन, १८९१ मीटर. तिथं गारठा इतका की लेकीचा स्वेटर सासूबाईंच्या खांद्यावर गेला.

शेवटी दक्षिण टोकाला समुद्रावरचं गॉल. पोर्तुगिजांनी १५८८ साली इथं किल्ला बांधायला घेतला, १६४० साली डचांनी तो जिंकला आणि जाडजूड तट उभारले. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत बाहेरच्या शहराची धूळधाण झाली, पण ह्या तटांनी आतली वस्ती बरीचशी वाचवली. आजही आत माणसं राहतात. शाळा आहे, देऊळ, मशीद, चर्च आहे, कपडे वाळत घातलेले दिसतात. खिडकीला सिंहलीत 'जनेलय' म्हणतात. सासूबाई लगेच, "आमच्या पेडण्याला जनेल!" पोर्तुगीज दोन्हीकडे राहून गेले, त्याची ही खूण.

तटावरून फिरायला निघताना ह्यांनी आपणहून विचारलं, "आज खाली कोण बसणार?" सगळे हसलो. कोणीच बसलं नाही. सासूबाई त्यांच्या चालीने चालल्या, आम्ही थांबत थांबत. दीपस्तंभापाशी पोचलो तेव्हा सूर्य पाण्याला टेकत होता. पिशवी पाळीपाळीने घेतली. हे म्हणाले, "ह्यात एवढं काय काय भरतेस गं? खांदा तुटला!" मी म्हटलं, "काढा बघू, ह्यातलं काय नको ते." तेव्हा त्यांना एकही वस्तू काढता आली नाही!

तुमच्यापैकी कोणी जाणार असाल, तर चार गोष्टी सांगून ठेवते. देवळांत खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, चपला-टोप्या बाहेर. उन्हात दगड तापतात, म्हणून जाड पायमोजे बरोबर ठेवा. बुद्धाच्या मूर्तीकडे पाठ करून फोटो काढू नका, तिथं तो अपमान समजतात. डोंगरातल्या आगगाडीचं आरक्षण महिनाभर आधीच बघा, जागा भराभर संपतात. प्रवेश-परवान्याचे नियम बदलतात, ते निघण्यापूर्वी सरकारी संकेतस्थळावर तपासा. शाकाहारी मंडळींनी काळजी करू नये. भात, परिपू म्हणजे डाळ, फणसाची भाजी आणि नारळ सगळीकडे मिळतो. मात्र चटणी-भाजीत वाळवलेल्या मासळीचा चुरा घालतात, तेव्हा आधी विचारून घ्या.

आणि सिगिरियाला वयस्क माणसं बरोबर असतील तर बागांपर्यंत त्यांना जरूर न्या. घाई करू नका.

परत आल्यावर मे महिन्यात आम्ही सावंतवाडीला गेलो आणि विळी घेऊन आलो. ओट्याखाली सिलिंडरशेजारी तिला जागा झाली. जागा होतीच, मी बघितली नव्हती. रविवारी सासूबाई खवायला बसतात. अजूनही कधी मी मिक्सर काढते, कधी त्या रुसतात. चालायचंच!

शाळेत यंदाही तो धडा आला, आणि ह्या वर्षीही एका मुलीने विचारलं, "बाई, संघमित्रा परत आली का?" मी त्यांना त्या झाडाचं सांगितलं, पांढऱ्या कपड्यांतल्या गर्दीचं सांगितलं, आणि त्या गर्दीत प्रदक्षिणा घालणाऱ्या एका आजींचंही सांगितलं.

आता दिवाळीनंतर हंपीला जायचं चाललं आहे. तिकिटं अजून काढलेली नाहीत. परवा रात्री जेवताना मी सासूबाईंना विचारलं, "आई, येणार ना?" त्या म्हणाल्या, "बघतंय. दोन दिवसांनी सांगतंय."

आम्ही थांबलो आहोत.